आठ जिल्हे आणि राजुरा

मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० मधले ४१ वे कलम जेमतेम एका परिच्छेदाचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी नेमलेले किमान तीन न्यायमूर्ती नागपुरात बसतील आणि बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा व राजुरा येथे उद्भवणाऱ्या प्रकरणांत उच्च न्यायालयाचे अधिकार चालवतील, एवढेच ते सांगते. ‘विदर्भ’ हा शब्द त्यात नाही. पण यादी पुन्हा वाचली की ओळख पटते. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने ज्या आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे अशी शिफारस केली होती, तेच हे आठ जिल्हे. राजुरा तेवढा नंतर, हैदराबाद राज्याच्या विभाजनानंतर आलेला. राज्य झाले नाही, पण त्याचा नकाशा एका न्यायपीठाच्या अधिकारक्षेत्राच्या रूपाने कायद्यात शिल्लक राहिला. नागपूर खंडपीठाचा इतिहास म्हणून इमारत कोणी बांधली आणि न्यायमूर्ती कोण कोण झाले हे सांगण्याची पद्धत आहे, आणि ते पुढे येईलच. मात्र या संस्थेचा इतिहास नीट वाचला तर विदर्भाच्या स्वराज्याचा वाद मुळात कुठून आला हेही कळते, असे मला वाटते. तो नुसत्या भाषेतून आला नाही आणि नुसत्या मागासलेपणातूनही आला नाही. स्वतःचे विधिमंडळ, सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय असलेला प्रदेश एका रात्रीत त्यांतल्या बहुतेकांना मुकला, तिथे त्याचे मूळ आहे.

प्रथम नागपूर आणि वऱ्हाड हे दोन प्रदेश एकत्र आले कसे ते पाहू, कारण आक्षेपांची सुरुवातही तिथूनच होते. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि डलहौसीने पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा केले. वऱ्हाडची कथा निराळी. १८५३ च्या तहाने निजामाने ते इंग्रजांच्या हवाली केले आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने दिले. सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री निजामाचेच राहिले आणि १९३६ च्या करारात ते पुन्हा मान्य झाले. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून मध्य प्रांत बनला आणि १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार त्याच्याकडे आला. म्हणजे वर्धा नदीच्या दोन तीरांवरची मराठी माणसे एका राजधानीखाली आली ती विसाव्या शतकात, आणि तीही इंग्रजांच्या सोयीसाठी. नदीच्या अलीकडे मालगुजारी, पलीकडे रयतवारी. जमिनीचे कायदे वेगळे, महसुलाची पद्धत वेगळी. या दोन व्यवस्थांचे तंटे एकाच मेजावर येऊन पडत ती जागा नागपुरात होती. आधी न्यायिक आयुक्तांचे न्यायालय आणि नंतर उच्च न्यायालय.

कलकत्ता, मुंबई, मद्रास येथे १८६२ मध्ये उच्च न्यायालये झाली, आग्र्याला (पुढे अलाहाबादला) १८६६ मध्ये, पाटण्याला १९१६ मध्ये, लाहोरला १९१९ मध्ये. मध्य प्रांत मात्र १८६१ पासून पाऊणशे वर्षे न्यायिक आयुक्तांवर भागवत राहिला. सनद निघाली ती २ जानेवारी १९३६ ला, आणि ९ जानेवारीला नागपूर उच्च न्यायालयाचे काम सुरू झाले. सर गिल्बर्ट स्टोन हे पहिले मुख्य न्यायमूर्ती. बरोबर एक वर्षाने, ९ जानेवारी १९३७ ला, नव्या इमारतीची कोनशिला गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी बसवली. दिल्लीतले कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन ज्यांनी उभे केले ते एच. ए. एन. मेड हे तिचे वास्तुरचनाकार. ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तिचे उद्घाटन केले. ही इमारत सागर ते सिरोंचा एवढ्या विस्ताराच्या प्रांतासाठी बांधलेली होती, हे तिच्याकडे पाहताना विसरू नये. तिचा घुमट आणि दालने खंडपीठाच्या मापाची नाहीत, राजधानीच्या मापाची आहेत.

या न्यायालयाचे आयुष्य वीस वर्षे दहा महिन्यांचे, पण त्यातून निघालेली माणसे पाहा. विदर्भातील पिढ्यांनी ज्यांचे निकाल वाचून कायदा शिकला ते व्हिव्हियन बोस येथे मुख्य न्यायमूर्ती होते आणि येथूनच सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे त्यांचे आजोबा. भुवनेश्वर प्रसाद सिन्हा आणि मॉरिस कॉलेजात शिकलेले एम. हिदायतुल्ला हे दोघेही नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती आणि पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. देशभरच्या निकालांचे संकलन करणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ व्ही. व्ही. चितळे यांनी याच शहरातून चालवले. न्यायालय, वकीलवर्ग, विद्यापीठ आणि छापखाना यांची अशी सांगड केवळ इच्छेने बसत नाही. त्यासाठी राजधानी लागते. बार लायब्ररीतल्या जुन्या खंडांत निकालाच्या संदर्भापुढे ‘नाग.’ हे लघुरूप दिसते. १ नोव्हेंबर १९५६ नंतर दिलेल्या निकालांना ते लागत नाही.

स्वतंत्र प्रांताची मागणी या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत महाविदर्भाचा ठराव मंजूर झाला तो १ ऑक्टोबर १९३८ ला, रामराव देशमुखांच्या पुढाकाराने. त्याच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत काय घडले होते? नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ पडले आणि मुख्यमंत्रिपद महाकोशलच्या पंडित रविशंकर शुक्लांकडे गेले. हिंदी जिल्ह्यांची संख्या मोठी, महसुलातला मराठी जिल्ह्यांचा वाटा मोठा, आणि सत्तेचा लंबक हिंदी बाजूला गेलेला. एवढ्यावरून ही मागणी भाषेची होती असे म्हणता येईल, आणि त्या घडीला ती बऱ्याच अंशी होतीही. परंतु नुसती भाषेची असती तर १९६० मध्ये सर्व मराठी मुलूख एका राज्यात आल्यावर ती विझायला हवी होती. तसे झाले नाही. १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे विदर्भाच्या प्रश्नावर नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे गेले. समोरचा पक्ष बदलला, आधी हिंदी महाकोशल होते आणि नंतर मराठी मुंबई-पुणे आले. मागणी तीच राहिली. दोन वेगवेगळ्या शेजाऱ्यांशी एकच भांडण होत असेल तर त्याचे कारण शेजाऱ्याच्या भाषेत शोधून भागत नाही. ते आपल्या घरात काय होते आणि काय गेले यात शोधावे लागते.

मधल्या काळातल्या करारांची भाषाही हेच सांगते. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार एका महाराष्ट्र प्रांतात दोन उपप्रांत मागतो आणि दोन्हींना स्वतंत्र विधिमंडळ व मंत्रिमंडळ. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार त्याहून बराच खाली उतरलेला आहे. उपप्रांत गेले, राहिल्या त्या हमी: लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि शिक्षणसंस्थांच्या प्रवेशांत वाटा, वर्षातून ठरावीक काळ सरकारने नागपुरात येणे, विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन नागपुरात, आणि उच्च न्यायालयाचे दुसरे पीठ नागपुरात. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्याबरोबर पंजाबराव देशमुख, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे अशी विदर्भातली मातब्बर माणसे त्यावर सही करणारी होती, हे स्वतंत्र विदर्भवाद्यांनी नाकारण्यात अर्थ नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या आयोगाने ७६ लाख लोकसंख्येचे विदर्भ राज्य स्वतःच्या पायावर उभे राहू शकेल असे म्हणून त्याची शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली, मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले, मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला तिकडे गेले, आणि नागपुरात द्वैभाषिक मुंबई राज्याच्या उच्च न्यायालयाचे पीठ उरले. ३१ ऑक्टोबरला राजधानी असलेले शहर दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे ठिकाण झाले.

नागपूर कराराच्या हमींचे पुढे काय झाले याचा हिशेब मांडला म्हणजे माझे मुख्य म्हणणे स्पष्ट होईल. पीठाची हमी संसदेच्या कायद्यात गेली. ४१ व्या कलमातला शब्द ‘बसतील’ असा आहे, ‘बसू शकतील’ असा नाही. मुख्य न्यायमूर्तींना एखादे प्रकरण मुंबईत ऐकण्याचा आदेश देता येतो, पण पीठ उचलता येत नाही. म्हणून साठ वर्षांहून अधिक काळ ते अव्याहत चालले. शरद बोबडे आणि भूषण गवई हे दोन सरन्यायाधीश याच आवारातून गेले. अधिवेशनाची हमी करारातच राहिली, ती पाळणे सरकारच्या मर्जीवर. अधिवेशन १९६० पासून होत आले खरे, पण सरकारने ठरावीक काळ इथे येऊन कारभार करण्याची कल्पना आटत आटत सुमारे दोन आठवड्यांच्या लगबगीवर आली, आणि करोनाच्या काळात २०२० व २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईतच उरकली गेली. त्या काळात मुंबईत विधिमंडळ भरू शकत होते, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

निधीच्या वाटपाची हमी सर्वांत ठिसूळ निघाली. राज्यघटनेत ३७१ (२) हे कलम १९५६ मध्येच आले होते. विदर्भ, मराठवाड्यासाठी विकास मंडळे नेमण्याची आणि समन्यायी वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद त्यात होती. पण ती ‘करता येईल’ या स्वरूपाची. प्रत्यक्ष मंडळे आली १९९४ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी. त्याच्या दहा वर्षे आधी वि. म. दांडेकर समितीने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला, त्यांपैकी १,२४६.५४ कोटी, म्हणजे ३९ टक्क्यांहून थोडा जास्त, एकट्या विदर्भाचा होता. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली तेव्हा ती वेळेवर वाढवली गेली नाही. एकाच करारातली तीन आश्वासने, एकाच दिवशी सह्या झालेली. ज्याला कायद्याने संस्था मिळाली ते टिकले, जे संकेतावर सोडले ते झिजले, आणि जे ऐच्छिक ठेवले ते तीन-चार दशके सुरूच झाले नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो असा, की विदर्भाला मुख्यमंत्रिपदे काय कमी मिळाली? मारोतराव कन्नमवार चांद्याचे. वसंतराव नाईक पुसदचे, आणि ते डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ एवढा दीर्घ काळ त्या पदावर होते. नंतर सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस. आक्षेप खोटा नाही. पण दांडेकर समितीचा हिशेब वसंतरावांची अकरा वर्षे संपून गेल्यानंतरचा आहे, हे त्याच दमात सांगायला हवे. आपला माणूस मुंबईत बसला म्हणजे आपल्याकडची संस्था जिवंत होते असे नाही. मुख्यमंत्री साऱ्या राज्याचा असतो, आणि तो साऱ्या राज्याचा राहिला याबद्दल त्याला दोष देता येत नाही. व्यक्तीने संस्थेची जागा घ्यावी ही अपेक्षाच चुकीची.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. विदर्भ हे कधी एक राज्य नव्हतेच, मग गेलेले परत मागायचे ते काय? तुलनेसाठी स्कॉटलंड घ्यावे, कारण हा प्रश्न तिथे फार दीर्घकाळ घोळला आहे. आणि हिस्लॉप कॉलेजच्या पाटीवरून रोज जाणाऱ्या नागपूरकराला स्कॉटिश नावाचे नवल वाटायला नको. स्कॉटलंड स्वतंत्र राज्य होते, त्याला पार्लमेंट होते, आणि १७०७ च्या तहाने ते लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाले. पण त्याच तहाच्या १९ व्या कलमाने तिथले १५३२ पासूनचे सर्वोच्च दिवाणी न्यायालय, कोर्ट ऑफ सेशन, पुढे सदैव तसेच राहील असे ठरवले. स्कॉटलंडचे स्वतःचे कायदे, धर्मसंस्था आणि शिक्षणपद्धतीही टिकल्या. एडिंबरोत जिथे जुने पार्लमेंट भरत होते त्याच वास्तूत ते न्यायालय आजही आहे, आणि पार्लमेंटच्या दालनात वकील अशिलांशी बोलत येरझारा घालतात. १८८५ मध्ये स्कॉटलंडसाठी स्वतंत्र मंत्री आला, १८८६ मध्ये होमरूलची संघटना निघाली. १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के मते बाजूने पडूनही एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट पुरी झाली नाही. १९९७ मध्ये ७४ टक्क्यांहून अधिक कौल मिळाला आणि १९९९ मध्ये पार्लमेंट पुन्हा भरले. मधली २९२ वर्षे ‘स्कॉटलंड’ ही कल्पना कवितेत आणि गाण्यात जगली असे म्हणायला छान वाटते. पण रोजच्या व्यवहारात ती जगली कोर्टात, शाळेत आणि चर्चमध्ये. एडिंबरोच्या माणसाला वारसाहक्काचा दावा लंडनच्या कायद्याने चालवावा लागत नव्हता.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे. विदर्भ हे सार्वभौम राज्य नव्हते ही गोष्ट खरी, आणि स्कॉटलंडच्या मापाने आपली मागणी फुगवून सांगू नये. इथे प्रश्न राष्ट्राचा नाही, भारतीय संघराज्यातल्या एका घटकाचा आहे. मात्र स्वराज्याची जाणीव राजघराण्यातूनच यावी असा नियम नाही. एकत्र कायदा वापरण्यातूनही ती येते. इथले उदाहरण घ्या. मध्य प्रांत व वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश १९४९ चा. महाराष्ट्र होऊन चाळीस वर्षे होत आली तरी नागपूर, अमरावती, अकोल्याच्या घरमालकाला मुंबईचा भाडे कायदा लागू नव्हता. त्याला आधी १३ व्या परिच्छेदाखाली रेंट कंट्रोलरची परवानगी मिळवावी लागे, मग नोटीस, मग दिवाणी दावा. ‘तेरा’चा अर्ज म्हटले की विदर्भातल्या वकिलाला काय ते कळे, पुण्याच्या वकिलाला समजावून सांगावे लागे. ३१ मार्च २००० ला नवा भाडे कायदा अमलात आला तेव्हा ही तऱ्हा संपली. कुळकायदाही असाच: विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र अधिनियम. नागपूर महानगरपालिकाही दीर्घकाळ मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर चालली. भाडेकरू, कूळ आणि नगरसेवक या तिघांनाही आपण एका निराळ्या न्यायव्यवस्थेत राहतो हे भाषणातून कळले नाही, नोटिशीतून कळले. वऱ्हाड आणि नागपूर १९०३ पर्यंत वेगळे होते हे मान्य. त्यांना जवळ आणणारे काम भाषणांइतकेच अपिलांनीही केले.

तिसरा आक्षेप म्हणजे ही सारी नागपूर शहराची, त्यातही वकील मंडळींची रुखरुख आहे, वऱ्हाडच्या कापूस शेतकऱ्याला तिचे काय? यात तथ्य आहे, आणि वकिलांच्या या स्मरणिकेत ते मान्य करायला हरकत नसावी. राजधानी गेल्याचे दुःख शेवटी सिव्हिल लाइन्सचे. पंजाबराव, खेडकर यांच्यासारखे वऱ्हाडचे बहुजन नेते संयुक्त महाराष्ट्राकडे वळले यामागे नागपूरच्या उच्चवर्णीय नेतृत्वाबद्दलचा अविश्वासही होता. पण मग अणे वणीचे आणि ब्रिजलाल बियाणी अकोल्याचे, हे दोघे मागणीच्या अग्रभागी होते, याचाही विचार करावा लागेल. विदर्भवादी पक्षांना विधानसभेत टिकाऊ बळ कधी मिळाले नाही हेही तितकेच खरे. याचा अर्थ मला असा दिसतो की जाणीव आहे, पण ती मतदानाच्या दिवशी पहिल्या क्रमांकावर येत नाही. स्कॉटलंडमध्येही फार काळ हेच होते.

उरतो तो सर्वांत चतुर आक्षेप: खंडपीठ इतके नीट चालते, तर महाराष्ट्रात राहूनही विदर्भाचे भागते हेच सिद्ध झाले की! मी याला अर्धा होकार देतो. खंडपीठाने एवढे नक्की दाखवले की एका राज्यात दोन केंद्रे नांदू शकतात. मराठवाड्याने १९८१ मध्ये औरंगाबादचे पीठ मिळवले आणि कोल्हापूरला २०२५ मध्ये सर्किट बेंच आले, त्यामागेही हा दाखला होताच. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकाला आवडेल असा नाही. पीठ टिकले ते मुंबईच्या सदिच्छेवर नाही, कायद्यातल्या एका सक्तीच्या क्रियापदावर. निधी, नोकऱ्या आणि अधिवेशन यांना तेच क्रियापद १९६० मध्ये मिळाले असते तर वेगळ्या राज्याची मागणी कदाचित इतिहासाच्या पुस्तकात राहिली असती. ते देण्याची तयारी आजही नसेल, तर वेगळे राज्य मागणाऱ्याला हेकट म्हणण्याचा अधिकार कोणाला उरत नाही.

शेवटी एक विनंती. १९३६ ते १९५६ या काळातल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या निकालांचे छापील खंड ग्रंथालयांत सापडतात. सापडत नाही ती त्या काळच्या वकिलांची टिपणे, पत्रव्यवहार, बार रूममधली छायाचित्रे आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या आसपासची निरोपपत्रे. विदर्भातल्या आणि जबलपूर, रायपूर, बिलासपूरकडच्या जुन्या वकील घराण्यांत असे कागद माळ्यावर किंवा ट्रंकेत पडून असतील. रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची एक प्रत एखाद्या ग्रंथालयाकडे पोचवावी.